घोंगडीवर घासलेली देवी

आमच्या घरी देवी आली तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते, आणि तिला मी स्वतः घोंगडीवर घासून घासून आणलं होतं.

हे मी आजही छातीठोकपणे सांगते. नातेवाईक म्हणतात, एवढ्या वर्षांनी तरी जपून बोलावं, देवाधर्माचं काम आहे. मी म्हणते, देवी माझ्या डोक्यावर होती, तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. ज्यांना वाईट वाटेल त्यांनी कान झाकून घ्यावेत.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही अंबरनाथला राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तिथल्या एका कारखान्यात पत्राकामाच्या खात्यावर सुपरवायझर होते. घरात आई, मी आणि अण्णांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. आत्या विधवा होऊन आमच्याकडे आली तेव्हापासून देवघर, सणवार, सोवळंओवळं आणि अण्णा एवढी खाती तिच्या ताब्यात होती. कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारे अण्णा घराच्या उंबरठ्यावर चपला काढायचे आणि त्या चपलांबरोबर आवाजही बाहेर ठेवून यायचे.

आणि माझे केस होते. ते वेगळे मोजावे लागतील इतके होते. गुडघ्यापर्यंत लांब, काळेभोर आणि गुळगुळीत. वेणी घालून शेवटाला रिबीन बांधली तर शाळेत पोचेपर्यंत रिबीन वाटेत कुठेतरी पडलेली असायची. आईला त्या केसांचा इतका अभिमान की रविवारी न्हायल्यावर ती मला मुद्दाम पुढच्या ओट्यावर केस वाळवायला बसवायची, शेजारणींच्या बाजूला पाठ करून. आमच्याकडे त्याला केस वाळवणं म्हणत, पण ते सरळसरळ प्रदर्शन होतं.

त्याच प्रदर्शनाने घात केला. शिवमंदिराच्या जत्रेत बदलापूरच्या एका बाईंनी मला पाठमोरी पाहिलं आणि तिथल्या तिथे सून म्हणून ठरवून टाकलं. चेहरा नंतर पाहिला. मुलगा शेतीवाडी आणि भाताची गिरणी सांभाळत होता, घर मोठं होतं आणि सासू देवभोळी होती. यातला शेवटचा गुण ऐकल्यावर आत्याने आणखी चौकशी करायची गरजच मानली नाही. माघ लागला की बघण्याचा कार्यक्रम आणि फाल्गुनात लग्न, असं तिने परस्पर ठरवलं.

माझी मॅट्रिकची परीक्षा फाल्गुनातच होती.

मला मॅट्रिक व्हायचं होतं. पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण मॅट्रिक व्हायचं होतं. मी तसं सांगितलं. आत्या म्हणाली की मुलगी मॅट्रिक झाली की तिला बी.ए. नवरा शोधावा लागतो, आणि बी.ए. झालेले सगळे चष्मेवाले असतात. या युक्तिवादापुढे अण्णांनी वर्तमानपत्र उभं केलं आणि त्याच्या मागे गेले. आई चुलीकडे वळली. मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही. कोणावर काही परिणाम झाला नाही.

वाट दाखवली ती आत्यानेच. एका दुपारी ती वाती वळत बसली होती आणि मी तिच्या मदतीला. बोलता बोलता तिने कुळगावच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. त्या मुलीच्या डोक्यात जट आली होती. केसांचा आपोआप गुंता होऊन दोरखंडासारखी बट वळली जाते आणि सुटत नाही, तिला आमच्याकडे जट म्हणत. लोक तिला देवीचं बोलावणं समजायचे. ती कापायची नाही, विंचरायची नाही, मंगळवारी नि शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहायचं. तर त्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

"का मोडलं?" मी विचारलं.

"अगं, जट आलेल्या मुलीला कोण करून घेणार? ती देवीची झाली. तिला संसार नाही."

मी हातातली वात खाली ठेवली. पौषात लग्नाची बोलणी करत नाहीत, त्यामुळे मला महिना मोकळा होता. आणि संसार नसलेल्या मुलीला परीक्षेला बसायला कोणाची हरकत असणार?

माझी मैत्रीण लाजू हिला मी बेत सांगितला. लाजू सिंधी. फाळणीनंतर तिचं घर उल्हासनगरच्या कॅम्पात आलं आणि तिच्या वडिलांनी अंबरनाथच्या बाजारात कापडाचं दुकान टाकलं, म्हणून ती आमच्या शाळेत. तिचं मराठी अर्धं हिंदीत असायचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इसमें क्या है? माझे केस एक दिवस नाय विंचरले तर झाड होतं. तू पण नको विंचरू."

तिचे केस कुरळे होते. दाट, बारीक वळणांचे, कंगव्याचे दात मोडणारे. मी तिचं ऐकून चार दिवस केसांना कंगवा लावला नाही. आईला सांगितलं की डोकं दुखतंय, तेल नको, हात लावू नकोस. पाचव्या दिवशी मान हलवली तर सगळे केस पडदा सोडावा तसे सरळ खाली आले. न विंचरता माझा भांगसुद्धा विस्कटला नव्हता! लाजूने मात्र मला सोबत म्हणून आपली एक बट नुसती बोटाभोवती पिळून ठेवली होती, तिची सकाळी दोरी झालेली. तिच्या आईने ती सरसोंचं तेल ओतून ओतून सोडवली आणि सोडवताना तिला आणि मधूनमधून माझ्या नावाला बडवलं. देवाने एकीला दात दिले आणि चणे दुसरीला.

मग लाजूने कंगवा उलटा चालवायला सुरुवात केली. शेंड्याकडून मुळाकडे, बटेला मागे रेटत रेटत. केस फुगून बसायचे, पण पाच मिनिटांत पुन्हा घसरायचे. ते धरून ठेवायला काहीतरी चिकट हवं, असा शोध तिने लावला आणि आम्ही गुळाचं पाणी लावलं. बट छान कडक झाली. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला माझ्या मागच्या बाकावरची मुलगी किंचाळली. माझ्या मानेवरून मुंग्यांची रांग वर चढत होती आणि एक रांग काम आटोपून खाली उतरत होती. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. तिथे उभी राहून मी मुंग्या झटकत होते आणि मनात म्हणत होते, काही झालं तरी बदलापूरला जायचं नाही.

आता जाणकाराकडे जाणं भाग होतं. शिवमंदिराच्या मागे नदीकाठच्या वडाखाली एक बाबा बसायचे. त्यांच्या जटा कमरेखाली होत्या आणि त्या ते पगडीसारख्या डोक्यावर गुंडाळून ठेवत. आम्ही दोघी शाळा सुटल्यावर त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि जट कशी सुरू करायची ते सरळ विचारलं. बाबांना इतका आनंद झाला की बस. आजवर लोकांनी त्यांना मूल होईल का, नोकरी लागेल का, एवढंच विचारलं होतं. त्यांच्या कलेबद्दल कोणी चौकशीच केली नव्हती.

त्यांनी आधी लाजूचे केस लांबून पाहिले आणि मान डोलावली. घुंगराले बाल, म्हणाले, इनको कुछ करना नहीं, सिर्फ छोड देना है. लोकरीसारखे केस असले तर पाण्याने भिजवून तळहातात वळायचे. जाड आणि लाटांचे असले तर बटांचे भाग पाडून मुळाशी पीळ द्यायचा. मग माझी वेणी त्यांनी काठीच्या टोकाने उचलली. ती काठीवरून घसरून पडली. बाबांनी सुस्कारा सोडला.

"ये बहुत खराब बाल है," ते म्हणाले. (माझ्या केसांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खराब म्हटलं होतं. मला जरा लागलंच.) "और बारीक होते, तो मैं बोलता, बेटी, संसार कर."

पण माझे केस सरळ असले तरी जाड होते, त्यामुळे आशा होती. तेल पूर्ण बंद. रिठ्याने धुवायचे, म्हणजे ते खरखरीत होतील. करंगळीएवढी बट घ्यायची आणि घोंगडीवर गोल गोल घासायची, कायम एकाच दिशेने. दिशा बदलली की केलेलं सगळं सुटतं. घोंगडीची लोकर केसात शिरली पाहिजे, तीच धरून ठेवते. मग वडाचा चीक लावून वळायचं आणि वर चुलीतली राख. पुराणातल्या राजपुत्रांनीसुद्धा वनवासाला जाताना वडाचाच चीक लावून जटा वळल्या होत्या, हे मी कीर्तनात ऐकलंच होतं. शास्त्राचा आधार मिळाल्यावर मी उठून लगेच वडाची फांदी ओढली. तेव्हा बाबा एकदम चांगल्या सातारी मराठीत ओरडले, "अगं ए, हळू! झाड पाडतीस का काय माझं?"

मग मी रोज अभ्यासाच्या नावाखाली माजघरात घोंगडी अंथरून बसू लागले. मानेजवळची एक जाडशी बट घेतली, वेणीच्या आत लपेल अशी. एका हातात इतिहासाचं पुस्तक, दुसऱ्या हाताने बट घोंगडीवर गोल गोल. सनावळ्यांना तो ताल फार मानवला. चीक लावला की ती बट मी वातीसारखी वळायची, आणि वाती वळायला तर मला आत्यानेच शिकवलं होतं. आईने एकदा विचारलं की तुझ्या डोक्याला मेंढराचा वास का येतो. मी म्हटलं, थंडीची घोंगडी पांघरते. आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि आत निघून गेली. पौष संपता संपता माझ्या मानेवर अंगठ्याएवढी जाड, काळी, कडक, दुमडत वळत वीतभर उरलेली जट तयार झाली होती. मला तिचा अभिमान वाटला. आजही वाटतो. सरळ केसांवर ते काम सोपं नाही.

माझा बेत असा होता की बघण्याच्या दिवशी पदर घेताना वेणी पुढे घ्यायची, जट मागे लोंबू द्यायची आणि बदलापूरकर पळाले की वह्या काढायच्या. पण त्याआधीच एका मंगळवारी मी वाकून पाणी भरत होते आणि आत्या मागून आली. हंडा खाली पडल्याचा आवाज आला. तो माझा नव्हता, तिचा होता.

ती मला रागावली नाही. तिने माझ्या पाठीला हात जोडले. मग ती देवघरात गेली, हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली आणि तिने त्या जटेला हळद लावली. अण्णा दाढी करत होते. ते साबणाच्या तोंडानेच म्हणाले की अक्का, गुंता आहे तो, तेल लावून विंचर. आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून कारखाना गाठला.

दुपारपर्यंत आळीतल्या बायका आल्या. संध्याकाळपर्यंत शेजारच्या आळीतल्या. माझ्यापुढे तांदूळ, नारळ आणि केळी साठली. पाटावर बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी खूश होते. आता लग्न मोडणार होतं. आत्या स्वतःच अण्णांना म्हणाली की बदलापूरला खरं काय ते कळवायला हवं, मुलीला जट आली आहे, बोलणी इथेच थांबवू. अण्णांनी माणूस पाठवून निरोप दिला. मी त्या रात्री इतिहासाचा एक अख्खा धडा घोंगडीशिवाय वाचला.

बदलापूरचं उत्तर आलंच नाही. बदलापूरच आलं. बघायला चार माणसं यायची होती, ती रद्द होण्याऐवजी स्टेशनवरून दोन टांगे भरून दारात उतरली. पुढे त्या बाई, मागे त्यांचे यजमान, त्यांच्यामागे चिरंजीव आणि त्यांच्यामागे बायकांचा ताफा, ओटीच्या सामानासकट. बाई आत आल्या, माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि जमिनीला डोकं टेकलं.

"आमच्या सासूबाईंना जट होती," त्या डोळे पुसत आत्याला म्हणाल्या. "त्या गेल्या आणि घराचं बरं म्हणून झालं नाही. मी नवस बोलले होते, आई, परत ये. आता ही आली."

कुळगावच्या मुलीला जटेपायी संसार नव्हता आणि मला जटेपायीच संसार पक्का झाला! कुळगाव ते बदलापूर एवढंसं अंतर, पण दर घराची देवी वेगळी. आत्याला ही शक्यता सुचली नव्हती, मला तर नव्हतीच. चिरंजिवांना पुढे बोलावलं गेलं. तो बिचारा गोरामोरा होऊन आला आणि त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी काय करणार? हात वर केला. जमलेल्या बायकांनी तो आशीर्वाद समजून कपाळाला हात लावला. बघायला आलेल्या मुलाला आशीर्वाद देणारी मुलगी मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

बाई लग्नाची तिथी बोलू लागल्या. फाल्गुनातलीच. मी पाटावरूनच म्हटलं, "मला परीक्षेला बसायचंय."

बाईंनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले. "देवीची परीक्षा घेणारे आपण कोण, बाई?"

मग त्यांनी मला प्रेमाने सगळं समजावलं. देवी घराबाहेर जात नसते. सासूबाईंची खोली तयार आहे, त्यांचा चौरंग तयार आहे. मंगळवारी नि शुक्रवारी सोनिवलीपासून जांभूळपर्यंतच्या गावांतले लोक दर्शनाला येतील. मी फक्त बसायचं. पुस्तकं? देवीला पुस्तकं कशाला? ती बाई वाईट नव्हती, हे मी अगदी मनापासून सांगते. ती इतकी आनंदात होती की तिला विरोध करायला मला जिवावर आलं. पण तो चौरंग माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी खरंच घाबरले. माणसाने सून म्हणून राबावं ते एक वेळ परवडलं, निदान चूल पेटवायला तरी उठता येतं. इथे तर जन्मभर बसायचं होतं.

मी उभी राहिले आणि खरं सांगितलं. जट मी केली आहे, घोंगडी आणि वडाच्या चिकाने.

कोणी दचकलं नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या की करवून घेणारी तीच. मी म्हटलं, नाही हो, बाबांनी शिकवलं, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं मी भरसभेत सांगत सुटले. कुरळ्या केसांना काही करायचं नाही. लोकरीसारखे भिजवून वळायचे. जाड लाटांच्यांना मुळाशी पीळ. सरळ केसांना रिठा, घोंगडी आणि चीक, आणि दिशा बदलायची नाही. मी जितकी तावातावाने बोलत गेले तितक्या बायका माना डोलवू लागल्या. एकीने दुसरीला हळूच विचारलं की देवी काय सांगतेय, तर ती म्हणाली, "दिशा बदलू नका म्हणतेय." त्यावर मागून कोणीतरी उदबत्ती लावली.

शेवटचा उपाय म्हणून मी दाराशी उभ्या असलेल्या लाजूला पुढे ओढलं. "हिने पाहिलंय. सांग गं."

लाजू सगळ्या गर्दीकडे बघून म्हणाली, "हां, खरं बोलते ती. मैंने भी हाथ लगाया था." झालं. त्यांनी तिलाही हळदकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली.

तेव्हा मी आत गेले, आईच्या शिवणयंत्राच्या खणातून कात्री काढली आणि बाहेर आले. आता मात्र सगळे दचकले. आत्या दोन्ही हात पसरून म्हणाली, "माले, नको! कोप होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "माझ्यावर होईल. तुमच्यावर नाही."

आणि मी कात्री लावली. हे वाक्य इथेच संपलं असतं तर फार शोभलं असतं. पण कात्री चालेना! वडाचा चीक आणि राख सुकून त्या जटेचं लाकूड झालं होतं. मी दात-ओठ खाऊन दाबते आहे, कात्री कुरकुरते आहे, जट तशीच. बायकांच्यात कुजबुज वाढली. बघा, कापली जात नाही. खरी आहे. एकीने तर तिथेच नवस बोलायला सुरुवात केली. एवढं चांगलं काम करून ठेवल्याचा मला जन्मात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

आणि कोपऱ्यातून अण्णा उठले. ते इतका वेळ तिथे होते हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. ते पडवीत गेले, त्यांच्या हत्यारांच्या पेटीचं झाकण वाजलं आणि ते परत आले. त्यांच्या हातात पत्रा कापायची कात्री होती.

"त्या कात्रीने नाही जमायचं," ते मला म्हणाले. आवाज कारखान्यातला होता. "ही घे."

"अरे, तू तरी," आत्या म्हणाली.

"अक्का, मुलीची परीक्षा आहे," अण्णा म्हणाले आणि परत जाऊन बसले.

पत्र्याच्या कात्रीने एका घासात काम झालं. पण जटेबरोबर आजूबाजूचे चिकटलेले केसही गेले, आणि वेणीचा एक पेड मुळापासून सुटून हातात आला. जमिनीवर हे सगळं पडलं. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला. सगळे कोपाची वाट बघत होते. मीही बघत होते, खोटं कशाला बोलू. काहीही झालं नाही. मला फक्त मान हलकी वाटली.

बदलापूरच्या बाई माझ्याजवळ आल्या. त्या मारणार असं मला वाटलं. पण त्या खाली वाकल्या, जट उचलून पदरात घेतली, तिला हळदकुंकू लावलं आणि आईला म्हणाल्या, "विहीणबाई म्हणणार होते. राहिलं. तुमची मुलगी तुम्हाला, आमची देवी आम्हाला." आणि दोन्ही टांगे भरून ती मंडळी जटेला घेऊन गेली. चिरंजीव जाताना माझ्याकडे बघून हसले असं लाजू अजून म्हणते. मला तर तो सुटल्यासारखा दिसला.

राहिलेल्या केसांना काही आकारच नव्हता. दुसऱ्या दिवशी लाजू मला कॅम्पातल्या एका न्हाव्याकडे घेऊन गेली. त्याने आधी लेडीज लोगों का नहीं काटते म्हणून हात झटकले, मग डोक्याची अवस्था पाहिली आणि दया येऊन कात्री उचलली. मी पोरासारखे केस घेऊन घरी आले. आईने मला ओट्यावर पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, केसांसाठी. तिने माझ्या बोडक्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मेंढराचा वास मला पहिल्या दिवशीच कळला होता. मला सातवीतून काढलं तेव्हा मला काही सुचलं नाही." आणि ती भाकऱ्या थापायला गेली.

अशा रीतीने मी फाल्गुनात मॅट्रिकला बसले आणि गणितात नापास झाले.

हे मी लपवत नाही. इतिहासात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, घोंगडीची कृपा. पण गणित मी घोंगडीवर केलं नव्हतं. त्याच सुमाराला बातमी आली की बदलापुरात माझी जट चौरंगावर बसली आहे, तिला वस्त्र नेसवलं आहे, आणि सोनिवलीचा एक मुलगा तिला नवस बोलून मॅट्रिक पास झाला आहे. तिच्यात निम्मी आमची घोंगडी होती, पण ते कोणाला सांगणार? आत्या म्हणाली, झालं गेलं विसर, बदलापूरला जा, नारळ ठेव, क्षमा माग. मी म्हटलं की मी मरेन पण स्वतःच्या केसांपुढे नारळ फोडणार नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो.

आणि मी पुन्हा बसले. पुन्हा बसता आलं, कारण कानापर्यंत केस असलेल्या मुलीला बघायला पुढचं वर्षभर कोणी फिरकलं नाही. मी रोज गणितं केली, अण्णा कारखान्यातून आले की तपासायचे आणि आत्या देवघरातून मोठ्याने आरत्या म्हणून आम्हाला अडथळा आणायची. निकाल लागला. मी पास झाले. कोणालाही शरण न जाता, कोणालाही नवस न बोलता, स्वतःच्या जिवावर. मी हे आळीभर सांगून आले.

घरी आले तर आत्या पिशवीतून पेढे काढत होती. पेढे बदलापूरचे होते. वर्षभर दर मंगळवारी ती शिवमंदिराचं नाव सांगून कुठे जात होती ते तेव्हा कळलं. तेव्हापासून आमच्या घराण्यात सर्वमान्य मत असं आहे की माला मॅट्रिक झाली ती तिच्याच केसांच्या कृपेने, आणि तेसुद्धा ते डोक्यावरून उतरल्यावर.